गुरुवारची ओळख

कॉलेजच्या समुपदेशन कक्षाचं दार उघडायला ती पुढे झाली आणि आतून बाहेर येणाऱ्या उंच मुलावरच आदळली. त्याच्या हातातलं अर्धं सोललेलं संत्रं घरंगळत जिन्यापर्यंत गेलं.

“सॉरी! मी... झेरॉक्सचं दुकान शोधत होते.”

“ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर?” तो हसला. “पहिल्या दिवशी मी ग्रंथालयाचा पत्ता विचारला होता. ग्रंथालयातच उभं राहून!”

तिला हसू फुटलं, आणि पकडली गेल्याचा रागही आला. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची ही मुलगी वादविवादात भल्याभल्यांची बोलती बंद करायची. घरीदारी सगळे तिला ‘वकीलसाहेब’ म्हणायचे. पण वर्षभर मंचावर चढण्याआधी तिच्या बाटलीत पाणी नसायचं. आधी दारूचे दोन घोट, मग चार... आता सकाळी हातही थरथरायचे.

आतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, “इथलं इथेच राहतं. कॉलेजला कळत नाही, घरी कळत नाही. जिवावर बेतलं तरच मी बोलेन, तेही तुला सांगून. आणि एकदम बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना दाखवू.”

डॉक्टरांना दाखवून झालं, औषधं सुरू झाली. गुरुवारी दुपारची वेळ ठरली. तो उंच मुलगा कॉलेजच्या बँडचा ड्रमर. गांजा सोडून त्याला सात महिने झाले होते. त्याची वेळ तिच्या आधीची. तरी ती बाहेर येईपर्यंत तो बाकावरच असायचा.

“तुझं कधीच संपलं ना? मग बसलायस कशाला?”

“संत्री संपायची आहेत.”

“पिशवीत एकच दिसतंय.”

“मी हळू खातो...”

मग तोही लाजला आणि तीही.

एकदा कॅन्टीनसमोर तो ओळख नसल्यासारखा बाजूने निघून गेला. मैत्रिणीने विचारलं, “कोण गं तो? ओळखतेस?” ती चटकन म्हणाली, “छे!” दिवसभर तो शब्द तिला टोचत राहिला.

गुरुवारी तिने त्याला धारेवर धरलं. “बघितलंसुद्धा नाहीस!”

“माझं मी चारचौघांत सांगतो. पण तुझं गुपित माझं नाही. तू ओळख दिलीस तरच मी देणार.”

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वादविवाद स्पर्धेची उपांत्य फेरी नेमकी गुरुवारी आली, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. दोन घोट... फेरी जिंकली, आणि तिथून ती तडक बाकाशी आली. “मी प्यायले,” एवढंच म्हणाली. त्याने उपदेश केला नाही, तोंडही फिरवलं नाही.

“बाई आत आहेत. जा. मी इथेच आहे.”

त्या दिवशी ती तासभर बोलली, रडली, आणि दोन आठवड्यांनी अंतिम फेरीला एकही घोट न घेता उभी राहिली. पहिली दोन वाक्यं अडखळली. तिसऱ्या वाक्याला आवाज सापडला. मग थांबते कसली! नंबर दुसरा आला, पण मंचावरून उतरताना पाय तिचे स्वतःचे होते.

सभागृहाबाहेर मैत्रिणींचा गराडा होता, दादाही आला होता. खांबाजवळ उभा असलेला तो तिला पाहून हळूच निघाला.

“ए, ड्रमर! थांब!”

सगळे वळले. तिने दादाचा हात धरला. “दादा, माझं पिणं वाढलं होतं. आता मदत घेतेय. घरी आल्यावर सगळं सांगते. हा मला तिथेच भेटला.”

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “सावकाश सांग. मी ऐकतो,” म्हणाला आणि मैत्रिणींना घेऊन बाजूला झाला.

ड्रमर तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, एवढं सगळं... सगळ्यांसमोर?”

“अजून एक राहिलंय.” तिची नजर हलली नाही. “तू मला आवडतोस. पूर्ण शुद्धीत सांगतेय.”

तो कानापर्यंत लाल झाला. “वकीलसाहेब... गुन्हा कबूल,” म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.