पाडलेल्या भिंतीचं दार

लीज वाढवून मिळालं का, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येमध्ये विचारणार नाही तुम्ही. मिळालं. पण गॅरेथ ट्रँटरसमोर हा विषय काढू नका, माणूस उठून जातो. माझ्याबरोबर बस चालवायचा तो, थापा मारणाऱ्यातला नव्हे. तो दिवा जरा मंद करा रे, पोरांनो.

कॅटफर्ड भागात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. त्याचा म्हणजे आपल्या सगळ्यांचा असतो तसाच. पैसे आपले, विटा मालकाच्या. लीजचं, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याचं, उरलेलं आयुष्य ऐंशी वर्षांच्या खाली घसरायला आलेलं. एकदा घसरलं की वाढवायची किंमत आभाळाला भिडते आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. विकणं तर भाग होतं. त्याच्या बायकोचे, नॉरीनचे, गुडघे गेलेले. जिना उतरायची तर बसून, एकेक पायरी. तळमजल्यावर घर घेतलं नाही तर ती वरच अडकणार होती.

घोडं अडलं होतं एका भिंतीपाशी. बैठकीची खोली आणि मागची छोटी खोली यांच्यामधली. क्राउल म्हणून म्हातारा मालक, त्याला यांनी कधी पाहिलंही नव्हतं. भिंत पाडायची परवानगी मागितली तर पत्र आलं: माझ्या विटेला हात लावाल तर घराबाहेर काढीन. तो इस्पितळात पडला आणि यांनी भिंत पाडली. मग म्हातारा गेलाच. मालकी पुतण्याकडे आली. गॅरेथ म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला.

कुठला जातोय! लीज वाढवण्याआधी घर मोजायला पुतण्याने शुक्रवारी सर्व्हेयर पाठवायचं ठरवलं, जुना नकाशा घेऊन.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पाच तारखेची फटाक्यांची रात्र होऊन गेलेली, दुसऱ्या दिवशीचा गुरुवार. गॅरेथ जुन्या बाजारातून एक गालिचा घेऊन आला. जमिनीवर भिंतीचा वण राहिला होता, तो झाकायला.

"भिंतच नाही, आणि तू वण झाकतोयस?" नॉरीन म्हणाली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे?"

"तू आता तोंड बंद ठेव आणि ते टोक धर."

तेवढ्यात बेल वाजली. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, बाहेर मिट्ट काळोख.

दारात एक म्हातारा. काळा कोट, हातात मोजायची लाकडी घडीची पट्टी.

"तुम्ही उद्या येणार होतात ना?" गॅरेथने विचारलं.

"माझ्या सवडीने येतो मी."

चहा विचारला, तो सरळ आत शिरला. खिडकी मोजली. छत मोजलं. नॉरीनकडे वळून म्हणाला, "खिडकी मालकाची. छत मालकाचं. तुम्ही फक्त मधली हवा घेतलीय, बाई."

"हवेचे बरेच पैसे मोजलेत आम्ही," नॉरीन फणकारली.

म्हातारा हसला नाही. चालत गालिच्यापाशी आला. आणि थांबला.

बोटांची पेरं उचलली. हवेत टकटक केली.

टक... टक...

आवाज आला. भरीव. गिलाव्याचा.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. मूठ वळवली. कडी करकरली. एक पाऊल टाकलं त्याने...

आणि दार लागलं. धाडकन.

समोर रिकामी खोली. गालिचा. ना दार, ना म्हातारा.

"गॅरेथ..."

त्याने तिचा हात धरला आणि तिला मागे ओढलं.

रात्रभर दोघं स्वयंपाकघरात बसून राहिले. खाली उतरायचं म्हटलं तरी नॉरीनला जिना कुठे झेपणार?

सकाळी खरी सर्व्हेयर आली. हॅटी नावाची तरुण मुलगी, हसतमुख. म्हणाली, काल आमच्यातलं कुणीच आलेलं नाही. नकाशा उघडला आणि तिचं हसू गेलं.

"मधली भिंत कुठे आहे?"

गॅरेथला वाटलं, संपलं सगळं. लीज गेलं, घर गेलं, नॉरीन वरच अडकली.

"मोजते मी," हॅटी म्हणाली. खिडकीला टेकून तिने लेझरचं यंत्र समोर धरलं. आकडा पाहिला. नकाशा पाहिला. "भिंत असल्यासारखाच आकडा येतोय..."

मग तिने मान वर केली.

लाल ठिपका समोरच्या भिंतीवर नव्हता. खोलीच्या मध्यावर होता. हवेत.

तिने यंत्र हळूहळू बाजूला सरकवलं. ठिपका सरकला. हवेतच, सरळ रेषेत. सरकत गेला... सरकत गेला...

आणि एका जागी आरपार गेला. थेट पलीकडच्या भिंतीवर पडला. दीड-दोन हात रुंदीत तसाच. मग पुन्हा हवेत.

दाराएवढी जागा.

हॅटीने कागदावर लिहिलं: भिंत जागेवर आहे. सही केली.

नॉरीनने गॅरेथचं मनगट घट्ट धरलं.

"काल त्याने आत जाऊन दार लावलं होतं ना रे?" ती पुटपुटली. "मग ते उघडं कसं?"