नसलेलं बटण

विनिपेगमधल्या आमच्या छोट्या कंपनीत प्रोग्रामरांसाठी एक सॉफ्टवेअर बनतं. कोड लिहिताना ते चुका दाखवतं. ते बनवतो ओरेस्ट आणि लोकांच्या शिव्या खाते मी. वेबसाइटवरचा प्रत्येक अभिप्राय वाचायचा आणि गोड उत्तर द्यायचं, हे माझं काम. प्रोग्रामरांइतकी किरकिरी जात जगात दुसरी नसेल. अक्षरं बारीक आहेत, रंग भडक आहे, फुकट का देत नाही. त्याची मला सवय होती.

त्या जानेवारीत मात्र सगळ्यांनी एकच रडगाणं लावलं. 'डाव्या कोपऱ्यातलं तपकिरी बटण का काढलंत? परत द्या.' आणि एक तारा.

असं बटण कधी नव्हतंच! मी सगळ्या जुन्या आवृत्त्या पाहिल्या. ओरेस्टने पहिल्या दिवसापासूनचा कोड उपसला.

"बटण ह्यांच्या डोक्यात आहे," तो म्हणाला. "त्यांना म्हणावं, तेच दाबा."

'असं बटण नव्हतं' हे लिहून लिहून मी विटले. एकमेकांची ओळख ना देख, पण ब्राझीलपासून फिनलंडपर्यंत सगळे रंगसुद्धा तोच सांगत होते.

शेवटी वैतागून मंक्टनच्या अर्लीन थिबोडोबाईंना फोन लावला. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, जुन्या प्रोग्रामर. उगाच कुरकुरणाऱ्या नव्हेत, पण बटण त्यांनीही मागितलं होतं.

"बाई, ते बटण नेमकं काय करायचं?"

"बनवता तुम्ही आणि विचारता मला?"

"तरी सांगा ना."

"दाबलं की तो थांबायचा." मग तोंड बाजूला करून, हळूच, "बोलतेय ना मी. जरा दम धर."

"घरी कोणी आलंय का?"

"पोरी, बटण दे लवकर," त्या म्हणाल्या. आवाजात रडू होतं. मी फोन ठेवला आणि सरळ ओरेस्टकडे गेले.

कटकट मिटावी म्हणून ओरेस्टने बटण टाकून दिलं. तपकिरी, डाव्या कोपऱ्यात, आणि आत काहीच नाही. दाबलं तर दाबलं जायचं, बस.

दुसऱ्या दिवशी पाच तारे. 'थांबला एकदाचा.' 'सुटलो.' थिबोडोबाईंनी लिहिलं, 'देव तुमचं भलं करो.' कोण थांबला, हे कोणीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला भीती वाटत होती.

मार्चमध्ये ओरेस्टने साफसफाई काढली. जो कोड काहीच करत नाही तो ठेवायचा नाही, ह्या बाबतीत ही मंडळी भलतीच सोवळी. नवी आवृत्ती आपोआप सगळ्यांच्या संगणकांवर गेली, आणि हे मला कळलं दुपारी, तो पेरोगी खात असताना.

"बटण?"

"उडवलं. करत काय होतं ते?"

"परत टाक! आत्ताच्या आत्ता!"

"बाईसाहेब, जेवू तर द्या."

मी त्याचा डबा ओढून घेतला. पुटपुटत तो संगणकाकडे गेला. मी मंक्टनला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"थिबोडोबाई, तासाभरात बटण येतंय. तोवर घराबाहेर जा."



"नको पोरी," बाई म्हणाल्या. "आता नको."

आवाज त्यांचाच होता. फक्त शब्द संपल्यावरही तो थोडा वेळ चालू राहिला.

मी वेबसाइट उघडली. बाईंचा नवा अभिप्राय आला होता. पाच तारे. 'आम्हां दोघांना फार आवडलं.'

खाली ब्राझील. 'आम्हां दोघांना.'

खाली फिनलंड.

"ओरेस्ट, लवकर!" मी ओरडले.

टकटक थांबली होती. तो पडद्याकडे पाहत बसला होता. हात मांडीवर.

"राहू दे," तो वळून हसत म्हणाला. "आमचं ठरलंय."

त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची टेबलापाशी ओढलेली होती.