कंदील विझल्यावर

खोटं बोलून मला काय मिळणार? ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी, कंपनीच्या छोट्या थिएटरात.

मावशी चित्रपटांचं एडिटिंग करते. तिच्या कंपनीचा लोगो अगदी शेवटी, सगळी नावं सरकून गेल्यावर यायचा. एक कंदील. तो विझायचा आणि एक चिमुरडी म्हणायची, "संपलं! चला घरी!"

तो आवाज छकुलीचा. मावशीची एकुलती एक लेक. सहाव्या वर्षी तापानं गेली बिचारी.

म्हणून नावं सुरू होताच उठणाऱ्यांवर मावशी जाम भडकायची. "पानावरून उठल्यासारखे काय पळता? माझी पोर बोलायचीय अजून!"

पण कंपनीचे मालक बदलले. नव्या साहेबांनी फर्मान काढलं, "बाई, ते फार पोरकट वाटतं. आवाज काढून टाका."

मावशीनं हातापाया पडून पाहिलं. साहेब ढिम्म.

"माझ्याच हातानं लेकीचं तोंड बंद करू?" म्हणत ती ढसाढसा रडली. आणि पोटासाठी तिनं तो आवाज कापला.

साहेबांना दाखवण्याआधी एकदा तपासायला ती थिएटरात एकटीच बसली. नावं सरकली. कंदील आला.

विझला.

काही नाही... नुसती शांतता.

मावशीनं डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात मागे एक खुर्ची कुरकुरली...

"संपलं... चल घरी."

मावशीनं पदर खाली घेतला.

"चला" नाही. "चल".

"चला" ती सगळ्या प्रेक्षकांना म्हणायची. "चल" म्हणायची ती फक्त आईला.

वरच्या खोलीतून प्रोजेक्टरवाल्या काकांनी दिवे लावले. "बाई, कापायचा राहिला की आवाज! मला इथवर ऐकू आला."

मावशीनं वळून पाहिलं. मागच्या रांगेत चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. एकच उघडी... कुणीतरी बसल्यासारखी.

घरी येऊन तिनं कंपनीचा जुना चित्रपट लावला. कंदील विझला... आवाज नाही. दुसरा लावला. तिसरा लावला. त्यांना तर तिनं हातही लावला नव्हता!

छकुली एकाही चित्रपटात उरली नव्हती.

"मग गेली कुठे गं?" मी घाबरत विचारलं.

मावशी हसली. किती वर्षांनी हसली असेल!

"जातेय कुठे? इथेच आहे. रोज दिवा मालवला की बोलावते."

"आणि तू काय म्हणतेस?"

"म्हणते, हातातला चित्रपट संपू दे, मग येते."

तो चित्रपट आज संपला.

मी बॅग घेऊन मावशीकडे राहायला आलेय. ती झोपायला चल म्हणतेय. पण घरातला एकही दिवा मी तिला मालवू देत नाहीये...