रामजीची पेटी

चाळ पाडायची होती, म्हणून सगळ्यांनी माळे उपसायला घेतले होते. लालबागच्या त्या चाळीत शामराव घाडींचा जन्म गेलेला. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली, शेवटची दोन बायकोच्या आजारपणात. ती गेल्यापासून अंगात नुसता शीण साचला होता. सामायिक माळ्यावरून हत्यारांची एक जुनी लोखंडी पेटी खाली आली. कोणी ती आपली म्हणेना, तेव्हा शामरावांनी उचलली. हात रिकामे नकोत, एवढंच.

काचकागद आणि तारेचा ब्रश घेऊन ते दुपारी गॅलरीत बसले. वरचा करडा रंग सुटला, त्याखाली हिरवा निघाला आणि त्याखाली पांढरी अक्षरं... ‘रामजी भिवा’. झाकण उघडलं तसा गरम तेलाचा आणि कापसाचा वास आला. पेटी गंजलेली, पण आतले पाने, पक्कड, छिन्नी आत्ताच पुसून ठेवल्यासारखे लखलखत होते.

त्यांनी नाव घासून काढलं आणि गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा लाल हात दिला.

दुसऱ्या दिवशी मुलगी, पूर्वी, नेहमीसारखी सहाला कामावर गेली. शामरावांना पुन्हा डोळा लागला तो चारला उघडला. खांदे भरून आले होते, नखांत काळं तेल होतं. तेलाला तर त्यांनी हातही लावला नव्हता. पुढे रोज तेच. कधी केसांत कापसाचे तंतू सापडत. पूर्वी म्हणाली, बाबा, पुरे करा ते काम. पण अर्धवट टाकवेना. तिन्हीसांजेपर्यंत बसून त्यांनी पेटीला हिरव्या रंगाचे दोन हात दिले. मग रिकामा पत्रा पाहून ब्रश आपसूक वळला आणि झाकणावर सुबक अक्षरं उमटली, ‘शामराव घाडी’.

टोकाच्या खोलीतल्या गंगुबाई नव्वदीला टेकलेल्या. भिंत धरत आल्या आणि पेटी पाहून तिथेच थबकल्या. हळूहळू सांगू लागल्या. रामजी गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली तरी अकरा वर्षं तो रोज सातला पेटी घेऊन निघे आणि बंद फाटकापाशी बसून राही. बायकोने हातापाया पडून पाहिलं. तो म्हणे, पाळी सोडायची तर आपल्या जागी उभा राहणारा कोणी हवा, बदली हवा. एक दिवस गेला तो परत आलाच नाही; फाटकापाशी सापडलेली पेटी तेवढी माळ्यावर आली.

गंगुबाईंनी झाकणावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“नाव कित्याक घातलंस, शामा... तो बदली शोधता हा.”

शामरावांनी त्याच संध्याकाळी नाव खरवडलं. नवे दोन्ही हात निघाले, खालचं लाल निघालं, उघडा पत्रा लागला. त्या पत्र्यावरही तीच अक्षरं होती, ‘शामराव घाडी’. पूर्वीने काही न विचारता पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली.

दुसरा दिवस रविवार. पूर्वी घरीच होती. सातला तिने चहा दिला तेव्हा शामरावांना कितीतरी महिन्यांनी अंग हलकं वाटलं. दहाच्या सुमाराला ते पायीच निघाले. ती गिरणी होती ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असं मनात आलं होतं. तिथे आता काचेची उंच इमारत उभी होती. फाटकावरचा वॉचमन त्यांना पाहून गोंधळून उठला. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं.

सोमवारपासूनच्या सहा दिवसांच्या नोंदी होत्या. प्रत्येक पानावर शामराव घाडी हे नाव, त्यांच्याच पाट्यांच्या वळणाचं. आत सात वाजता, बाहेर साडेतीनला. आजचीही नोंद होती, आत सात वाजता. पुढची जागा कोरी होती.

“काका, तुम्ही तर सकाळी आत गेलात...” वॉचमन मागे इमारतीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला. “मग बाहेर कधी आलात?”