बाराव्या भाल्याची जागा

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोनच महिने झाले होते. गावातली सगळी हत्यारं तहसिलीत जमा करा, असा हुकूम आला. बेज्जूरकडच्या त्या गावात हत्यारं म्हणजे काय, तर माळावर ओळीने रोवलेले बारा भाले! महिपत आणि त्याचा थोरला भाऊ डोमाजी सकाळीच गाडी जुंपून निघाले. महिपत अनवाणीच होता. लाकडं फोडताना डाव्या पायाची करंगळी गेल्यापासून त्याला वहाण सोसत नसे.

माळाची हकीकत गावाला तोंडपाठ होती. पूर्वी कुणा जमीनदाराने एक फिरंगी पदरी ठेवला होता. तो इथे कवायत घ्यायचा. बाहेर बारा-बारा हातांचे भाले, आत तोड्याच्या, म्हणजे सोऱ्याच्या जळत्या दोरीने बार काढायच्या बंदुका. बंदूकवाला बार काढून मागे जाई, मागचा पुढे येई. तोवर भालेवाले घोडेस्वारांना थोपवून धरत. नियम एकच: मागचा माणूस आल्याशिवाय पुढच्याने जागा सोडायची नाही. शेवटच्या लढाईत मागे कुणी उरलंच नाही, म्हणून ते भालेवाले अजून तिथेच उभे आहेत, असं म्हणत. त्यामुळे भाल्याचा वेळू कुजला की आधी शेजारी नवा रोवायचा, मगच जुना उपटायचा.

दोघांनी बारा नवे वेळू घेतले होते. प्राणहितेवरून धुकं आलं होतं, बैलांची शिंगंही दिसेनात. अकरा भाले रीतीप्रमाणे निघाले. हात भराभर चालत होते आणि त्या नादात महिपतने बारावा आधी उपटला. मग गाडीत पाहिलं, तर वेळू नाही. नाला ओलांडताना धक्क्याने पडला असणार. मेल्याला आधी बघायला काय झालं होतं!

"जागा खाली झाली…" डोमाजी कुजबुजला. "तू नाल्यावरून वेळू घेऊन ये. तोवर मी उभा राह्यतो."

"दादा, नको…"

"जाय म्हन्तो ना."

महिपत वेळू घेऊन परतला, तेव्हा धुक्याला वास येत होता, सोऱ्यात भिजवलेली कापसाची दोरी जळावी तसा. डोमाजी पाठमोरा उभा होता. एक पाय पुढे, दोन्ही मुठी आवळलेल्या.

"दादा, आनला वेळू. चाल."

"महिपत… माह्या मांगं कोन हाय?"

"कोनी नाई."

"मंग मले हालता येत नाई… तू ये ना. माह्या मांगं उभा राय…"

सख्खा भाऊ, चार पावलांवर. महिपतला वाटलं, जावं. पण तेवढ्यात धुक्यात डावीउजवीकडे पुष्कळ जणांनी एकदम श्वास घेतला. त्याच्या हातून वेळू पडला आणि तो पळत सुटला. भित्रा नव्हता तो, पण पळाला.

ऊन पडल्यावर तो गावकऱ्यांना घेऊन आला. डोमाजी नव्हता. उपटलेले बाराही भाले गाडीत होते, आणि तरी बाराव्या जागी एक भाला उभा होता. दांडा दोन मुठींपुरता गरम होता.

डोमाजीची बायको वच्छलाबाई खाली बघत होती. भाल्याशी तिच्या नवऱ्याच्या वहाणांचे ठसे होते. त्यांच्या मागे, जिथे महिपत उभा राहिलाच नव्हता, तिथे अनवाणी पायांचे ठसे होते, फार वेळ उभं राहिल्यासारखे खोल. डाव्याला करंगळी नव्हती.

तिने महिपतच्या पायाकडे पाहिलं.

"भावजी, तुमी तर उभे होते त्यायच्या मांगं… मंग हे काऊन नाई आले?"