पुऱ्या वर्षाचा विमा

"पुऱ्या वर्षाचा? पोर घरात नकोशी झालीय असं सरळ सांग की, सू-ल्वान!"

ली-श्वे वन्संनी चहाचा पेला असा काही आदळला की गोल टेबलावरची माशाची पेज हिंदकळली, आणि जिन्यातून उतरणारी पेइ-जेन मधल्याच पायरीवर थबकली... सू-ल्वाननं तिला पाहिलं. नेमकं हेच तिच्या कानावर पडलं होतं!

वन्संचंही चुकलं होतं असं नाही. भाची कॅनडाला काम करत फिरायला निघाली, म्हणून प्रवासाचा विमा भेट द्यायला त्या मोठ्या हौसेनं आल्या होत्या. विमानात चढण्याआधी सगळं ताइनान शहर जो विमा डोळे मिटून काढतं, तोच! पण त्याची मुदत फार तर सहा महिन्यांची.

"वन्सं, भेट डोक्यावर घेते मी," सू-ल्वान हळूच म्हणाली, "पण तिकडचा अधिकारी विमा बघूनच परवान्याची मुदत टाकतो. सहा महिन्यांचा विमा तर सहा महिन्यांचाच परवाना! पुढे वाढवून देत नाहीत, आणि हा व्हिसा पुन्हा मिळेलच असं नाही. वर्षभर चालेल असा दुसरा विमा निघतो, हाडं मोडली, आजारपण आलं तरी..."

"मग बरंच की! नववर्षाच्या जेवणाला पोर घरी येईल. सख्ख्या आईनं हेच म्हटलं असतं. तुला काय, भाऊ गेला माझा, आता पोर गेली की घर तुझं एकटीचं!"

मावशी म्हणत बिलगणाऱ्या सात वर्षांच्या सावत्र लेकीचा, पेइ-जेनचा ताप उतरावा म्हणून उशाशी बसून काढलेल्या रात्री, नवऱ्याच्या माघारी पहाटे उठून चालवलेली पेजेची गाडी... यातलं काय काय सांगायचं, आणि कुणाला? आजवर नणंदेसमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता, आजही ती खाली मान घालून सांडलेली पेज पुसत राहिली.

तेवढ्यात पेइ-जेन खाली आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"आत्याचंच खरं. सहा महिने पुरेत मला." मग आवाज फुटला तिचा. "मावशी, नववर्षालासुद्धा तुला मी नको का गं? एकदा तरी म्हण ना, लवकर ये म्हणून! मैत्रिणींच्या आया रडून रडून घर डोक्यावर घेतायत, आणि तू... तू विम्याचे महिने वाढवत बसलीस!"

हे मात्र सू-ल्वानला सोसवलं नाही. तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"लवकर ये?" ती ओरडलीच. "अगं, तू जाऊच नयेस असं वाटतं मला! गेल्यापासून आठव्या दिवशी दारात उभी राहावीस असं वाटतं! नववर्षाच्या रात्री या एवढ्या मोठ्या टेबलाशी मी एकटी कशी बसणार, या विचारानं घास उतरत नाही माझा! सहा महिन्यांचा विमा मला नको होता होय? देवळात जाऊन मागितला असता मी तो!"

वन्संचा पेला हवेतच थांबला.

"तुझ्या वयाची होते मी," सू-ल्वान डोळे पुसत म्हणाली, "ताइपेइला शिवणकारखान्यात. हातात कसब आलं होतं, मुकादम खूश होता... आणि बाबांचा निरोप आला, पुरे झालं, परत ये. आले मी. पण पोरी, घरी येऊनही कितीतरी वर्षं मी घरी आलेच नव्हते गं! मन तिकडेच! तुझं तसं नको व्हायला. घर आठवलं तर पहिल्या महिन्यात ये, मी दार उघडीन. पण येशील ती तुझ्या मनानं ये... विमा संपला म्हणून नको येऊस!"

पेइ-जेन धावत आली आणि लहानपणी तापात बिलगायची तशीच तिच्या कुशीत शिरली. "मला वाटलं, बाबा गेले, आता तुला माझं ओझं झालं..."

"वेडी कुठली! ओझं झालं असतं तर रोज तुझ्या पेजेतले काटे काढत बसले असते का मी?"

रडता रडता पोरगी हसली, आणि सू-ल्वानच्या छातीवरचा कितीतरी दिवसांचा दगड उतरला.

त्याच दुपारी दोघींनी वर्षभराचा विमा काढला. घरातलं माणूस दूर असलं की नववर्षाच्या रात्री त्याची वाटी आणि जेवायच्या काड्या टेबलावर मांडायच्याच, अशी तिथली रीत. पेइ-जेन म्हणाली, "माझी वाटी मांडशील ना?"

"मांडीन. गरम पेज वाढून मांडीन."

"पण तू एकटी नको बसूस."

"एकटी कशी बसेल?" इतका वेळ बाहीनंच डोळे टिपणाऱ्या वन्सं नाक ओढत खेकसल्या. "मी मेलेय का? या घरात मला कुणी बोलावत नाही, ती गोष्ट वेगळी!"

सू-ल्वाननं कपाटातून आणखी एक वाटी काढली, तिच्यात पेज वाढली, आणि काटे नीट काढून ती नणंदेपुढे ठेवली.