माणशी बारा किलो

वैशाखातल्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. कनेरगाव नाक्यावरचे ढाबेवालेसुद्धा त्या वेळी खाटेवर आडवे झालेले असतात, आणि आलंच कोणी तर थंड पाण्याची बाटली मागतं. म्हणून त्या दिवशी एका मुलीनं सायकल भिंतीला लावली, आत आली, आणि एक शब्द न बोलता तूरडाळीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला, तेव्हा गल्ल्यावर पेंगणारा वैजनाथ खडबडून उभाच राहिला.

"काही हरवलं का पोत्यात?"

"न्हाई. तळाची डाळ पाहून राहिले." तिची मूठ वर आली, उघडली. "वरची डाळ दुकानदाराची असती. गिऱ्हाइकाच्या पिशवीत तळाचीच येती."

बरं, हे तिनं भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर वैजनाथनं उत्तर दिलं असतं. पण ती म्हणाली ते इतक्या शांतपणे, की त्याला हसूच आलं. तिनं एक दाणा दाताखाली धरला. कट्‌कन आवाज झाला.

"वाळलेली हाय. चांगली हाय. पण मला ही नको. तुमच्या गिरणीचा तुकडा द्या, दहा किलो."

दुकानाच्या मागेच वैजनाथची लहानशी डाळगिरणी होती. तूर भरडताना डाळीचा जो चुरा पडतो तो तुकडा. लागतो डाळीसारखाच, पण वरणात अंगच धरत नाही, म्हणून निम्म्या भावात जातो.

"तुकडा नेता? आन् पाव्हणे आले तर?"

"पाव्हणे डाळ खायला येतेत. मोजायला न्हाई."

वैजनाथ तराजू विसरला. काय आहे, आजवर त्यानं भाव करणारी गिऱ्हाइकं हजार पाहिली होती. हिच्यासारखी एकही नाही. रंग उन्हानं रापलेला, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली, आणि डोळे असे, की तराजूचा काटा त्यांच्यापुढे सरळ उभा राहावा.

"एकदम दहा किलो काहून?" त्याला तिला थोडं थांबवून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही.

तिनं सांगितलं. तिचं नाव साधना. गाव तिथून तीन किलोमीटर. आईवडील हळद शिजवायच्या कामावर होते, हंगामाची मजुरी एकदम हातात आली होती, आणि त्यातूनच वर्षाची बेगमी करायची होती. "हातात पैसा टिकत न्हाई, कणगीत दाना टिकतो," ती म्हणाली. आखाडात ती नांदेडला जाणार होती, तपासणीच्या लॅबचा एक वर्षाचा कोर्स करायला. मागे घरात चार तोंडं: आई, बाप, दोन धाकटे भाऊ. दहावीपासून घरातलं सामान तीच भरत होती. आता वर्षाचं भरून ठेवलं तरच तिला निघता येणार होतं.

"दिवाळीत डाळ सरली, तर कोर्स अर्ध्यात टाकून मला मजुरीवर यावं लागन. म्हणून मोजून भरून राहिले. ज्वारी झाली, गहू झाले. डाळीपाशी गाडं अडलंय."

"किती लागती डाळ?"

"माणशी वरसाला बारा किलो. चौघांची अठ्ठेचाळीस. आत्ता दहाचेच पैसे हायेत. बाकीचं पाहू."

"एवढं सगळं शिकवलं कोनी?"

"रिकाम्या डब्यांनी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

झालं. त्या हसण्यानं वैजनाथचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. ती पाणी प्यायला माठापाशी वळली, तेवढ्यात त्यानं तुकड्याच्या जागी पहिल्या नंबरची, अख्खी, पिवळीधमक डाळ तिच्या पिशवीत भरली आणि तोंड बांधून टाकलं. पैसे तुकड्याचेच घेतले. सायकल दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा होता. आपण फार मोठं काम केलं असं त्याला वाटत होतं, बिचाऱ्याला.

तिसऱ्या दिवशी पिशवी परत आली.

साधनानं ती तराजूत ठेवली. "ही माझी न्हाई."

"चुकून भरली असंल..."

"तुमच्या हातून? किसनकाकांच्या पोराच्या?" तिनं आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "मोजून घ्या. पावशेर कमी हाय. तेवढी आईनं शिजवली, मी मळ्यातून यायच्या आधी. खाऊन म्हणली, किती वर्सांनी वरण वरणासारखं लागलं. आता सांगा मला... उद्यापासून तिला तुकडा कसा वाढू?"

वैजनाथनं तराजूतली पिशवी उगाच सरळ केली.

"आन् तुमी काय समजलात? पोरगी गरीब हाय, घालू तिच्या झोळीत?"

"तसं न्हाई..."

"मग कसं?"

आता खरं तर सांगायचं होतं: तुमी आवडलात म्हणून. पण कान तेवढे लाल झाले. तो म्हणाला, "चुकलो." एवढंच.

साधना त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला सारवासारव येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिचा राग निम्मा तिथंच उतरला. तिनं मागच्या दारातून गिरणीकडे पाहिलं. तिथं न पाखडलेल्या तुकड्याची पोती एकावर एक पडलेली होती, टरफलासकट.

"हे असंच इकता?"

"पाखडायला मानूस मिळंना. ढोराच्या पेंडीच्या भावात जातं."

"मी पाखडते. पाच किलोमागं एक किलो माझं. तुमचा माल साफ, माझी कणगी भरली. कोनाचा कोनावर उपकार न्हाई. बोला."

खाटेवर पडलेले किसनराव, वैजनाथचे वडील, तिथूनच म्हणाले, "लेका, व्हय म्हन. असा सौदा पुन्हा यायचा न्हाई."

मग रोज दुपारी ती येऊ लागली, सकाळचं रानातलं काम उरकून. मागच्या पडवीत पाय मुडपून बसायची आणि सूप हातात घ्यायची. पाखडणं काय, घरोघरी चालतं. पण साधनाचं पाखडणं बघण्यासारखं होतं. मनगटाला एक झटका, टरफल वाऱ्यावर, दाणा सुपात, एकही खाली नाही. काचेच्या चार बांगड्या त्याच तालावर वाजायच्या. वैजनाथ पुढे गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता तो ताल ऐकायचा आणि मापात चुकायचा.

"तुमच्या मुलानं मला साबण दिला," एक म्हातारी किसनरावांकडे तक्रार घेऊन आली. "मी साबुदाणा म्हनले होते."

किसनराव मिशीत हसले. "त्याला दोन दिवसांपासून ऐकू येऊन न्हाई राहिलं, बाई."

आत बांगड्यांचा ताल क्षणभर चुकला. ती ऐकत होती तर.

ती काय काय जाणत होती. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवायचा, उन्हात वाळवला तर त्याचा कडूपणा उडतो. मिरची देठासकट घ्यायची, वर्षभर रंग राहतो. चिंच गावातली, झोडपून आणलेली. मीठ घालून गोळे केले की विकत आणायचं काम नाही. वैजनाथ दुकानदाराचा मुलगा, पण या बाबतीत तो तिच्यापुढे बालवाडीत होता, आणि त्याला ते कबूल होतं. तो चहा घेऊन यायचा आणि तिथंच रेंगाळायचा.

"गिऱ्हाईक उभं हाय तुमचं," ती सुपातून नजर न काढता म्हणायची.

"दिसून राहिलं."

"मग?"

"उभं राहू द्या की... त्याचे पाय हायेत."

ती ओठ दाबून हसायची, आणि वैजनाथचा दिवस सार्थकी लागायचा.

चौथ्या दिवशी किसनराव दुकानातल्या पोत्यातून मूठभर तांदूळ घेऊन आत चुलीकडे निघाले. सूप थांबलं.

"काका, घरात तांदूळ न्हाई?"

"दुकान काय लांब हाय का, बाई?"

साधना उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेली आणि एकेक डबा उघडू लागली. एकात जुन्या पावत्या. दुसऱ्यात विळा. तिसऱ्यात गिरणीचे नटबोल्ट. कोपऱ्यात कणगी होती, वैजनाथच्या आईनं लिंपलेली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून कणगी रिकामी.

"दारात पंधरा पोती, आन् घरात मूठमूठ," ती हळू म्हणाली. "आज तांदूळ हाय तर मीठ न्हाई, व्हय ना?"

"सवय झाली," वैजनाथ म्हणाला.

तिनं कणगीवरून हात फिरवला. त्या दिवशी निघताना तिनं वळून दोनदा आत पाहिलं.

आठव्या दिवशी पडवीतली पोती सरली. साधनानं आपला वाटा जोखला. परत केलेल्या पिशवीच्या बदल्यात नेलेला दहा किलो तुकडा धरून त्रेचाळीस किलो. पाच कमी.

"हाय का आजून?"

माळ्यावर एक पोतं होतं. मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली. ते फक्त वैजनाथला माहीत होतं. त्याला हेही बरोबर माहीत होतं, की तिची कणगी भरली की ती जाणार. सरलं, एवढा एक शब्द म्हटला असता... तर ती कदाचित गेली नसती. उद्या पुन्हा आली असती, परवाही. खोटं कशाला बोला, तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता.

पण तिचे डोळे त्याच्याकडे लागलेले होते. त्यानं मुकाट्यानं शिडी लावली, वर चढला, आणि सत्तर किलोचं पोतं एकट्यानं खाली उतरवलं. घाम पुसायलाही थांबला नाही.

"हे घ्या. पाच सुटून वर उरन."

साधना पोत्याकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. "ताडपत्रीखाली होतं?"

"व्हय."

"दिसलं नसतं कोनाला."

"न्हाई."

ती खाली बसली. सूप हातात घेतलं. त्या दुपारी तिचे हात पहिल्यांदा हळू चालले.

शेवटचे पाच किलो घरी न्यायला त्यानं आपला पितळी डबा दिला. महिनाभर ती दिसली नाही. आणि मग आषाढातल्या एका सकाळी, भुरभुर पाऊस पडत असताना, ती नाक्यावर हिंगोलीवरून नांदेडला जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभी होती. पायाशी ट्रंक, हातात तो डबा, ओढणीच्या काठाला थेंब. वैजनाथ दुकान टाकून रस्ता ओलांडून आला.

"भरलं सगळं?"

"काठोकाठ. आईला म्हनलं, वरीसभर आता कोनाच्या दारात जायचं न्हाई." तिनं डबा पुढे केला. "तुमचा. रिकामा देऊ न्हाई म्हनतेत, म्हनून सांडगे घातलेत. तुकड्याचेच हायेत. आन् एक कागद हाय. येत्या वैशाखात तुमच्या घरी काय भरायचं, त्याची यादी. तशी कणगी रिकामी ठेवायची नसती."

"साधना..."

एसटी आली. असल्या वेळी ती कधी उशिरा येत नाही. वैजनाथनं ट्रंक चढवली, तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, पावसाचे दोन थेंब तळव्यावर झेलले... आणि गाडी गेली.

दुकानात येऊन त्यानं डबा उघडला. सांडग्यांवर वहीचा कागद, घडी घातलेला. अक्षर टपोरं. गहू इतके, ज्वारी इतकी, मिरची देठासकट. डाळ, छत्तीस किलो.

तो थबकला. घरात माणसं दोन. माणशी बारा, म्हणजे चोवीस. गहूही जास्त होते, ज्वारीही. तिचं गणित चुकलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कागदाच्या तळाशी तिचा नंबर होता. त्यानं फोन लावला.

"तुमची यादी चुकली."

"माझी?" मागे एसटीचा खडखडाट.

"आमी दोघं. चोवीस होतेत. तुमी छत्तीस लिवलेत."

तिकडून खिडकीची काच सरकवल्याचा आवाज आला.

"गणित बराबर हाय," ती म्हणाली. "तुमी... मानसं परत मोजा."

वैजनाथनं मोजली. खाटेवर बाबा. गल्ल्यावर आपण. आणि मग त्याला समजलं, आणि त्याचे कान त्या पहिल्या भांडणातल्यासारखे लाल झाले. लोक छत्तीसचा आकडा भांडणाचा मानतात. मानू देत बापडे. त्याला त्या घडीला जगात त्याच्याइतका गोड आकडा दुसरा नव्हता.

"साधना, मला तुमी लई आवडता," तो एका दमात म्हणाला. "पह्यल्या दिवशीच आवडलात. म्हनून ती डाळ भरली होती."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"माळ्यावरून पोतं उतरवलं तवापासून."

तो हसला. मग जरा भीतभीतच विचारलं, "एक सांगा... ते छत्तीस किलो. तुकडा भरू, का अख्खी?"

"अख्खी," साधना म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा ओला झाला. "आपल्या घरच्या डाळीचा उपकार होत न्हाई. फक्त पह्यल्या वरणाला माझ्या आईला जेवायला बोलवा."

"बोलवीन. त्यांना आपल्या हातानं वाढीन."

फोन ठेवून वैजनाथ आत गेला, कोपऱ्यातली कणगी मधे ओढली आणि फडक्यानं पुसायला लागला. किसनराव दारात येऊन बघत राहिले.

"आत्तापासून? वैशाख यायला दहा महिने हायेत, लेका."

"व्हय," वैजनाथ म्हणाला. "तेवढे लागतेत, बाबा."